योवानाच्या वाट्याचा किन्वा

कोचाबांबा शहरातल्या विद्यापीठाच्या वसतिगृहात योवाना कोल्केच्या डब्याचं सगळ्यांना कौतुक. आहारशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाची ही पोर बाहेरचं काही खात नसे. बाकीच्या मुली पाव नि तळलेल्या बटाट्यांवर दिवस काढत; योवाना किन्वा हे पठारावरचं कसदार धान्य फेस जाईपर्यंत चोळून धुई आणि बाजार उठताना स्वस्तात मिळालेला भोपळा घालून शिजवी. गरिबालाही चांगलंचुंगलं खाता येतं, फक्त अक्कल हवी, असं ती ऐकवायची. किन्वाचं पोतं गावाकडून बसच्या टपावरून येतं, याचं तिला काही वाटत नसे.

जुलैच्या सुटीत ती पठारावरच्या आपल्या गावी गेली. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी तिला गावच्या बायकांपुढे बोलायला उभं केलं. मैद्याच्या शेवयांचं पाकीट उंच धरून ती म्हणाली, शेतात किन्वा पिकत असताना घरात हे शिजतं, हा निव्वळ आळस.

शेजारची तेओदोरा ओठ दाबून हसली. "ऐकलंस का बासिलिया? लेक काय म्हणते बघ."

योवानाची आई बासिलिया पहिल्याच रांगेत होती. शाल सारखी करत म्हणाली, "ऐकतेय की."

घरी आल्यावर योवानाने रांधायला म्हणून किन्वाचा रांजण उघडला. तळाला मूठभर दाणे. फळीवर शेवयांची पाकिटं. कोपऱ्यात मात्र तोंड शिवलेलं एक पोतं, त्यावर कोळशाने तिचं नाव. वडील म्हणाले, पीक सगळं व्यापाऱ्याने उचललं. तुझं तेवढं आधीच बाजूला काढलं होतं.

"आणि तुम्ही काय खाता?"

"पोट भरतं गं. अभ्यास तुला करायचाय," आई म्हणाली.

योवानाने रांजणावर झाकण ठेवलं. "मग तिथे बोलली का नाहीस?"

"चारचौघींत तुझी मान खाली घालू होय? आणि तू खोटं कुठे बोललीस?"

आई रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी बायका नळावर जमल्या तेव्हा योवाना गेली. "आळस म्हणाले, ते चुकलं माझं. आमच्याही घरी शेवयाच शिजतात. किन्वा माझ्या ताटात जातो."

मग तेओदोरा बादली खाली ठेवून म्हणाली, "माझ्या घरचा ओरुरोला जातो. थोरला शिकतोय ना तिथे."

निघताना मायलेकींची बरीच ओढाताण झाली. शेवटी योवानाने पोतं उसवून अर्धा किन्वा रांजणात ओतला, तेव्हाच ती बसमध्ये चढली. आता आठवड्यातले तीन दिवस ती विद्यापीठाच्या खाणावळीत जेवते. डब्याचं कुणी कौतुक केलं की विषय बदलते.

दर रविवारी ती फोनवर विचारते, "किन्वा खाताय ना?"

"खातो की," आई म्हणते. खरं की खोटं, ते योवानाला आवाजावरून कधीच कळत नाही.