भागाबाईचा भाऊ

भागाबाईबद्दल कुणी विचारलं की मी तिच्या हातच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं कौतुक करतो आणि विषय बदलतो. पुढचं सांगायची लाज वाटते.

सावद्याजवळच्या आमच्या आश्रमात ती १९८५च्या शेवटी आली. विधवा, मूलबाळ नाही, नवऱ्याची तीन एकर केळीची जमीन मात्र नावावर. आत येणाऱ्यानं सगळं संस्थेला द्यायचं आणि हातात पैसा ठेवायचा नाही, हा तिथला नियम. साबणाची वडी हवी असली तरी माझ्याकडून चिठ्ठी न्यायची. भेटायला आलेल्या नातेवाइकांनाही आधी मीच गाठायचो. मी लीलाधर, तिथला व्यवस्थापक. चिठ्ठ्या फाडून देताना मोठा रुबाब वाटायचा, हे कबूल करतो.

भागाबाई पहाटेपासून चाळीस माणसांच्या भाकरी थापायची आणि थापता थापता पारोळ्याचं माहेर सांगायची. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भाऊ न्यायला येतो, लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. आखाजी जवळ आली तशी ती रोज विचारू लागली, "मना भाऊ येई ना लेवाले?"

तो आला. झुलाल, तिचा थोरला भाऊ, नवं लुगडं घेऊन फाटकाशी उभा राहिला. पण जमिनीच्या दानपत्रावर तिची सही पुढच्या आठवड्यात व्हायची होती. आश्रमाचे प्रमुख बाबाजी मला म्हणाले, "माहेरी गेली तर सही गेली." मी फाटकावर जाऊन झुलालला सांगितलं, "तिला यायचं नाही. पुन्हा येऊ नका म्हणाली." तो लुगडं काखेत मारून परत फिरला. तेव्हा मला जराही वाईट वाटलं नाही. उलट, पुण्य केलं असंच वाटलं.

सही झाली. त्या दिवाळीत भाऊबीजेला ती ताट घेऊन माझ्यासमोर आली. म्हणाली, "सख्खा तं ईसरी गया. आते तूच मना भाऊ." नियमानं माझ्याकडेही पैसा नव्हता, म्हणून ताटात काही घालता आलं नाही. सहा दिवाळ्या तिनं मला ओवाळलं. प्रत्येक वेळी खरं सांगून टाकावंसं वाटलं आणि प्रत्येक वेळी मी कच खाल्ली.

१९९२ला तिची कंबर धरली, भाकरी होईनात. बाबाजी म्हणाले, "भावाकडे पोचवून या." तिच्या तीन एकरांचा विषयही निघाला नाही. पारोळ्याच्या गाडीत ती मलाच समजावत होती, "भाऊ, त्याले काही बोलजो नको. अडचन व्हई त्याले."

झुलालनं दारातच मला ओळखलं. त्या आखाजीची गोष्ट काढून बहिणीला म्हणाला, "तुले लेवाले मी उनथू. यासनीच सांगं, तू येत नही म्हनीसन."

भागाबाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुखऱ्या कमरेनं वाकली आणि झुलालच्या पायांवर डोकं ठेवलं. "दादा, माले माफ कर. मी तुले किती शिव्या दिध्यात रे."

माफी मागायची होती मी. मी ओट्यावर बसून त्यांच्या घरचा चहा प्यालो, शेवटच्या गाडीनं आश्रमात परतलो आणि बाबाजींना सांगितलं, काम झालं.