तिरप्याचा गुण्या

तर फळ्यांच्या भिंतीपर्यंत आलो होतो आपण. सुतारकामाचा कारखाना एकच, पण मधोमध फळ्या ठोकलेल्या. अलीकडे धाकटा सुतार, पलीकडे थोरला. दोघं सख्खे भाऊ, आणि बोलणं म्हणाल तर हातोडीचं. अलीकडे ठोकठोक सुरू झाली की पलीकडे मुद्दाम करवतीचं यंत्र सुरू व्हायचं. एकाला खोकला आला तरी दुसऱ्याला तो टोमणा वाटायचा.

धाकट्याला सगळे तिरप्या म्हणत. ते नाव कसं पडलं तेही ऐका, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. लहान असताना त्यानं बापाजवळ बसून एक स्टूल केलं. बापानं त्याच्या पायाला गुण्या लावून पाहिला. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन बघायचं अवजार. जाड लाकडी दांडा आणि त्यात काटकोनात बसवलेलं पोलादी पातं. काम सरळ असलं की पात्याखालून उजेड दिसत नाही. या स्टुलाच्या बाबतीत उजेड तर दिसलाच, पलीकडे बसलेली मांजरही दिसली. बाप म्हणाला, तिरपं झालंय, आणि आपल्या कामाला लागला. बाप विसरूनही गेला. थोरल्यानं मात्र तो शब्द उचलला, त्याला शेपूट लावलं आणि भावाच्या गळ्यात बांधला. झालं, तिरप्या तो तिरप्याच. गिऱ्हाइकंसुद्धा "तिरप्या आहे का?" असं विचारत यायची आणि वर काम सरळ कर म्हणून बजावायची. पुढं त्याच्या चौकटी थोरल्यापेक्षा चांगल्या बसायला लागल्या, पण नावाचं खिळ्यासारखं असतं. डोकं तुटलं तरी खिळा आतच राहतो.

बाप गेला तेव्हा वाटणी झाली. थोरल्यानं रस्त्याकडची बाजू घेतली, यंत्र घेतलं आणि दारावरची बापाच्या नावाची पाटीही घेतली. तिरप्यानं खुंटीवरचा बापाचा गुण्या तेवढा उचलला. बास, त्यावरून थोरला पेटला. बाजारात गुण्याला काय तोटा आहे? पण त्याला तोच हवा होता. येईल त्या गिऱ्हाइकाला तो फळीकडे बोट दाखवून सांगायचा, तिकडे जपून जा, तिकडे हात लांब आहेत.

अशात तिरप्याला मुलगा झाला. बायको इस्पितळात झोपलेली, आणि जन्मनोंदणीच्या खिडकीवरच्या बाईनं बाळाचं नाव ठरलंय का म्हणून विचारलं. तिरप्या म्हणाला, गुण्या. बाई म्हणाली, ते हाक मारायचं झालं, खरं नाव सांगा. तो म्हणाला, हेच खरं. बाईनं चष्मा वर केला, त्याच्याकडे पाहिलं, शेजारच्या टेबलाला डोळा मारला आणि लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नर्स खोलीच्या दारात येऊन विचारू लागली, "गुण्याची आई कोण?" कुणीच ओ देईना. तिरप्याची बायको शेजारच्या खाटेवरच्या बाईला हसून म्हणाली सुद्धा, कुणाच्या नशिबी आलंय बाई हे नाव! तेवढ्यात नर्स तिच्याच पायथ्याशी येऊन उभी राहिली. तिचं हसू तिथंच वाळलं. तिनं पोटुशी असताना एक छान मऊसं नाव शोधून ठेवलं होतं, आणि ते नवऱ्याला सांगायला चांगली वेळ बघत होती. ती वेळ तिथंच गेली. इस्पितळातून ती बाळाला घेऊन तडक आईकडे गेली, आणि निरोप पाठवला: नाव बदलेपर्यंत मी येणार नाही, पोरही येणार नाही.

त्यानं एक नाव ठेवलं आणि साऱ्या जगानं त्याला नावं ठेवली. रिकाम्या घरात तो कसाबसा राहिला. पाळणा स्वतः केलेला, कोपरान् कोपरा गुण्यात, आणि आत कुणी नाही. शेवटी एका सकाळी अंगावरचा भुसा झटकून तो सासरी गेला. दार उघडून बघतो तर खुर्चीवर थोरला, इस्त्रीचा शर्ट घालून. सासूनं त्याला घरातलं मोठं माणूस म्हणून बोलावून घेतलं होतं. तो तर आमंत्रणाची वाटच बघत बसलेला.

"चोरीचा माल होता," थोरला म्हणाला, "आता पोराच्या नावावर केलास."

तिरप्या म्हणाला, "दादा, पाटीवर बापाचं नाव आहे. ते कुणाला विचारून नावावर केलंस?"

थोरल्याचे कान लाल झाले. मग सासूनं पदर खोचला. जावईबापू, उद्या मुलगी झाली तर तिचं नाव करवत ठेवणार का, असं तिनं विचारलं. करवत तर या घरात आधीपासून आहे, असं तिरप्या पुटपुटला, आणि ते नेमकं ऐकू गेलं. त्यानंतर जे सुरू झालं ते विचारू नका. गुण्या हे काय नाव झालं? गड्याला हाक मारावी तसं तुटकं, शाळेत पोरं चिडवतील, बायको कशी मिळायची? तिरप्याचं एकच म्हणणं, लोक नाव तोडूनच हाक मारतात. आधीच तोडलेलं ठेवलं की पुढं तोडायला काही उरत नाही. सासऱ्यांना भांडणाची सवय नव्हती. ते कळवळून म्हणाले, "अहो, सगळ्यांनी जरा गुण्यागोविंदानं घ्या." आणि आपण काय बोललो हे कळताच त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. हसलं कुणीच नाही. थोरला तर म्हणाला, घ्या, आता दुसऱ्या पोराचंही नाव ठरलं.

इतका वेळ तिरप्याची बायको आतल्या दाराला टेकून उभी होती, पोर खांद्यावर. आता ती पुढं आली.

"हे सगळं तुमचं भावाभावांचं आहे," ती म्हणाली. "माझं पोर म्हणजे तुमच्या फटीत ठोकायची पाचर नाही. मला विचारलंत का?"

"नाही विचारलं," तिरप्या म्हणाला. त्यानं मान खाली घातली.

आता ती परत गेली का, असं तुम्ही विचाराल. गेली. त्याच दिवशी, पोराला घेऊन, नाव आहे तेच ठेवून. पुढं कितीतरी दिवस ती नवऱ्याचं ताट आपटूनच वाढायची. भावांचं तर आजतागायत जमलं नाही. फळ्यांची भिंत आहे तिथंच आहे, उलट थोरल्यानं तिच्यावर आणखी एक थर ठोकलाय. पण ती गेली कशानं, तर त्या खोलीत पुढं एवढंच झालं. तिरप्याची मान खाली बघून थोरल्याला हुरूप आला होता. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "बाप तिरप्या आणि पोरगा गुण्या. बघ बाई, जमतंय का." त्यावर तिनं थोरल्याकडे असं पाहिलं की तो सरळ होऊन बसला. मग ती नवऱ्याकडे वळली. राग तसाच होता, पण आवाज खाली आलेला.

"आणि उद्या हा वाकडा निघाला तर?" तिनं विचारलं.

तिरप्या म्हणाला, "निघू दे. मीही निघालोच की. पण त्याला हाक मारताना तुम्हा सगळ्यांच्या तोंडून शब्द तरी सरळ निघेल."