दोघांच्या गोळ्या

आमच्या तालुक्याच्या गावी शाळेत माणसाच्या शरीराचा धडा मुलींना घरी वाचायला सांगत. पुढे प्राणिशास्त्र घेऊन मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिलीच. डबक्याच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यातले जीव ओळखणे मला चांगले जमे. स्वतःच्या शरीराबद्दल मात्र आई आणि मावशी बोलत तेवढेच ठाऊक होते: बाईच्या अंगावरून पांढरे जाते, उष्णतेने जाते.

एकोणीसशे ऐंशी साल उलटले आणि लग्न होऊन मी मुलुंडला आले. दोन खोल्या, सासूबाई आणि आम्ही दोघे. नवरा भांडुपच्या एका कारखान्याच्या कचेरीत होता, मी जवळच्या शाळेत विज्ञान शिकवत असे. लग्नानंतर काही महिन्यांनी त्रास सुरू झाला. नेहमीचा पांढरा स्राव नव्हे. पिवळट-हिरवट, फेसाळ, वास येणारा. खाज आणि लघवीला जळजळ. सासूबाईंना एवढेच सांगितले की अंगावरून जाते. त्यांनी रोज सकाळी खडीसाखर घालून तांदळाचे धुवण प्यायला दिले आणि तुरटीच्या पाण्याने आतून धुवायला सांगितले. हेतू चांगलाच होता. आग वाढली.

शेवटी शाळेतल्या एका बाईंनी घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवले. वयाने मोठ्या, आवाजही मोठा. त्यांनी तपासले, स्राव काचपट्टीवर घेतला आणि कोपऱ्यातल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.

"शिकलीस काय?"

"बी.एस्सी. प्राणिशास्त्र."

"मग ये इकडे. ओळख बघू."

मी डोळा लावला. पेशींच्या गर्दीतून नासपतीच्या आकाराचे जीव शेपट्या हलवत, झटके देत पळत होते. कॉलेजात ज्यांच्या आकृत्या काढून मी चांगले गुण मिळवले होते, त्यांचेच हे भाऊबंद.

"हे उष्णतेने होत नाही," बाई म्हणाल्या. "संबंधातून एकाचं दुसऱ्याला जातं. पुरुषाला बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही. म्हणून गोळ्या दोघांनी घ्यायच्या, एकाच वेळी, आणि संपवायच्या. तोवर जवळ यायचं नाही. पुढेही निरोध वापरलात तर चांगलंच. आणि ती तुरटी बंद कर. आतली सफाई शरीर स्वतः करतं."

पातळ, पांढरट, महिन्याच्या दिवसांप्रमाणे कमीजास्त होणारा स्राव निरोगी बाईलाही असतो, हेही मला तिथेच कळले. दह्याच्या कवड्यांसारखा आला आणि खाज सुटली तर बहुधा बुरशी, तिचे औषध वेगळे. रंग बदलला, वास आला, ओटीपोट दुखले, तर घरी काही न करता दाखवायला यायचे.

"पण कुणाचं कुणाला गेलं?" मी विचारले.

"ते ही काच सांगत नाही. कित्येक दिवस गुपचूप राहू शकतं. पोलीस तपास करत बसू नका."

नवरा प्रथम म्हणाला, "मला काही होत नाही, मी कशाला घेऊ?" मग घ्यायला लागला. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी पुडी पाहिली.

"हे रे कसलं?"

"आव पडतेय, आई."

त्याच गोळ्या आवेवरही देत, त्यामुळे ते खपून गेले. सासूबाईंनी त्याला मऊ भात आणि ताकावर ठेवले. दोन दिवसांनी पोट कसे आहे म्हणून विचारले. तो बरे आहे म्हणाला. "मग बंद कर त्या गोळ्या, उगाच उष्ण पडतील." तोंडाच्या कडवट चवीला तो कंटाळलाच होता. त्याने सोडल्या. मला हे माहीत नव्हते. मी माझ्या संपवल्या.

मला बरे वाटले, आणि महिन्याभरात सगळे परत आले.

आता मनात तोच तपास सुरू झाला. मी औषध पूर्ण घेतले होते, त्यानेही घेतले, मग हे आले कुठून? त्याच्या कचेरीतून उशिरा येण्याचा मी हिशेब लावू लागले. तोही एकदा म्हणाला, "तुझ्या शाळेत पुरुष मास्तर किती आहेत गं?" त्यानंतर आम्ही भाजी आणि दूध एवढ्यापुरतेच बोलत होतो. अशाने हे लग्न टिकेल का, असे मला वाटू लागले होते. गावी परत जाऊन काय सांगायचे, तेही सुचत नव्हते.

बाईंनी या वेळी दोघांना बोलावले. तो बायकांच्या रांगेत पेपर उघडून बसला होता.

"गोळ्या संपवल्यास?" बाईंनी त्याला विचारले.

तो पंख्याकडे पाहू लागला. "आईने बंद केल्या."

"का?"

"आव थांबली म्हणून."

सगळे ऐकून बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, इतक्या त्या हसल्या. "अरे गाढवा, ही बरी झाली आणि तू तिला परत दिलंस. आणि दोघं बसलात एकमेकांवर संशय घेत." मग त्यालाही काच दाखवली.

"हलतंय हे," तो म्हणाला.

"हलणारच. जिवंत आहे."

बसथांब्यावर तो म्हणाला, "मला वाटलं, तू..."

"मलाही वाटलं," मी म्हटले.

संध्याकाळी मी सासूबाईंना खरे ते सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या.

"त्यालाही द्यायच्या असतात?"

"हो. दोघांनाही."

"आम्हाला नुसतं धुवणच," त्या म्हणाल्या आणि खडे वेचत राहिल्या.

त्या रात्रीपासून त्यांनी माझे अंथरूण स्वयंपाकघरात स्वतःच्या शेजारी घातले. आणि जेवणानंतर मुलासमोर पाण्याचा पेला घेऊन उभ्या राहू लागल्या.

"आव आहे ना तुला? गीळ."

"आई, आता पोट..."

"संपेपर्यंत गीळ." मऊ भातही चालूच ठेवला.

पुढच्या तपासणीला बाईंनी मलाच पाहायला लावले. पेशी होत्या, बाकी काही नव्हते.

"काय दिसतं?"

"काही हलत नाही."

घरी येऊन सासूबाईंना सांगितले. "बरं," एवढेच म्हणून त्यांनी माझे अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवले, आणि मुलासाठी वाटाण्याची तिखट उसळ टाकली.