मांजरपाटावरचे नळ

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी मंचरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते, आणि तेव्हा माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं. लोकांनी आपल्या अडचणीचं चित्र सगळ्यांनी मिळून काढायचं आणि ते साहेबांपुढे टांगायचं. अर्ज कोणी वाचत नाही, चित्र तरी बघतील, असं मला वाटायचं.

आणे गावच्या पठारावर एक वाडी होती. गावठाणात नळ आले होते, वाडीत नव्हते. वाडीतल्या बायका खालच्या ओढ्याकाठच्या विहिरीवरून पाणी आणायच्या. एका खेपेला दीड तास जायचा. वाडीला पाइपलाइन द्यायची की नाही, हे ठरवायला तालुक्याहून एक साहेब तीन महिन्यांनी येणार होते. ते लिहून नेतील तेच होणार होतं.

मग दर रविवारी मी कांद्याच्या ट्रकांमागे रखडत एसटीने आळेफाट्याला जायची, तिथे गाडी बदलून आण्याचा घाट चढायची. काखेत मांजरपाटाची गुंडाळी. कंडक्टर हमखास विचारायचा, "बाई, कापड विकता का?"

वाडीतल्या शाळेच्या पडवीत दहाबारा जणी जमायच्या. माझा नियम एकच: ब्रश मी हातात घ्यायचा नाही, चित्र त्यांचं. हा नियम मला किती महाग पडला ते मलाच ठाऊक. पहिल्या रविवारी सगळ्यांनी रांगोळी काढली. दुसऱ्या रविवारी मोर. पाणी कुठाय म्हणून विचारलं, तर मोराच्या पायाखाली एक निळी रेघ दाखवली. एकीने अखेर हंडा घेतलेली बाई काढली, पण तिला पैठणी नेसवली. "उघड्यावर हुभी ऱ्हाणार, बरी दिसाया नको?" हे तिचं म्हणणं. मी कपाळावर हात मारून घ्यायची.

तरी हळूहळू जमलं. घरं आली, उतरणीची वाट आली, विहिरीवरची हंड्यांची रांग आली. मी मनातल्या मनात खूश होते. फक्त शेवटच्या रविवारी मुलीला ताप होता म्हणून गेले नाही.

साहेब यायच्या दिवशी मी तासभर आधी पोचले. चित्र पडवीत टांगलेलं होतं. प्रत्येक दारापुढे एक नळ होता. नळाखाली भरून वाहणारी कळशी. विहिरीची वाट हिरव्या रंगाखाली गडप. पडवीपुढे चांगला सडासुद्धा घातला होता, तोही त्याच विहिरीच्या पाण्याचा. माझं डोकंच फिरलं.

त्यांच्यातल्या थोरलीला सगळ्या आक्का म्हणायच्या. तिला मी विचारलं, "आक्का, हे काय केलंत?"

"पावणं येणार न्हवं? त्यांच्याम्होरं दळिद्र मांडायचं व्हय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अहो, पण नळ आहेत कुठे?"

"न्हाईत. येतील की."

पुसायला वेळ नव्हता; जीप आलीच. साहेबांनी चित्र पाहिलं, मान डोलावली. "छान. म्हणजे पाणी पोचलंय." आणि खिशातून पेन काढून कागदावर एक ओळ लिहिलीसुद्धा. मी पुढे होऊन म्हटलं, "साहेब, हे नळ खोटे आहेत." बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चारचौघांत त्यांची अब्रू काढली.

साहेब हसले. "चित्र तुम्हीच काढून घेतलंत ना, बाई?"

रागाने माझे कान तापले होते.

तेवढ्यात आक्काने रिवाजाप्रमाणे तांब्या-पेला आणला. साहेबांनी दोन घोट घेतले आणि सगळेच करतात तसं उरलेलं पाणी अंगणात ओतलं. वर तांब्यातलं घेऊन हात धुतले. आक्का त्या ओल्या मातीकडे बघत राहिली.

"साहेब, वताया नको व्हतं," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता.

"का हो?"

"सकाळधरनं दोन खेपा झाल्यात. तिसरीला आता जायाचं हाय."

"कुठे?"

"चला की. दावते."

तिने रिकामा हंडा कमरेवर घेतला आणि चालू लागली. साहेबांना नाही म्हणता येईना. पॉलिशचे बूट घालून ते उतरणीला लागले, मागोमाग सगळ्या बायका. चित्राकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. तीन महिन्यांच्या कापडाशेजारी मी एकटी उभी होते, आणि खरं सांगते, मला आक्काचा रागच आला. एवढंच करायचं होतं तर हिने माझे रविवार का घालवले?

दीड तासाने सगळे वर आले. आक्काच्या डोक्यावर हंडा होता. साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता, धाप लागली होती. पडवीत टेकून त्यांनी आधी लिहिलेली ओळ खोडली आणि खाली बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. आक्काने पुन्हा तांब्या पुढे केला. त्यांनी तो हाताने मागे सारला.