उतरा बाबा

नथ्थूची कंबर ट्रॅक्टरने खाल्ली. शिरपूरच्या शिवारात दुसऱ्यांचे ट्रॅक्टर हाकण्यात त्याची उमर गेली. खाली ढेकळं, वर लोखंडी सीट, आणि सीटवर घडी करून टाकलेलं पोतं. पन्नाशी उलटली तेव्हा सकाळी चप्पल घालायलाही त्याला भिंत धरावी लागे. मग ट्रॅक्टर सुटला आणि बायको पंचफुलासोबत तो गावाजवळच्या तुकड्यात वांगी, मेथी, कोथिंबीर करू लागला. वाकायचं काम तिचं, उभ्याचं त्याचं. बोलणं मुळातच कमी. कुणी टिंगल केली तर तोही हसायचा, म्हणजे विषय लवकर मिटतो.

मुलगा रविकांत एकुलता. हंगामात हार्वेस्टर घेऊन मध्य प्रदेशापर्यंत जायचा, चार पैसे बाळगून होता. बापाशी त्याचं बोलणं असं नव्हतंच. घरी आला तरी मोबाइल पाहत जेवायचा आणि निघून जायचा. त्या रविकांतने एक दिवस पुण्याहून जुनी स्पोर्ट्‌स कार आणली. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. मागच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवता येईल, माणूस नाही. लोक विचारत तेव्हा तो सांगायचा की बाबांना अकोल्याच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं, एसटीत त्यांचे हाल होतात, म्हणून घेतली. नथ्थूने हे चौकात स्वतःच्या कानाने ऐकलं. त्या संध्याकाळी त्याने आपल्या रुमालाने गाडीची काच पुसली.

गाडीची चाकं घासलेली होती, म्हणून रविकांत ती अकोल्याला धम्मपालच्या टायरच्या दुकानात घेऊन गेला. नथ्थू सोबत होता.

"याच्यात बसनार कोन?" धम्मपालने विचारलं.

"बाबा," रविकांत म्हणाला. "त्याईच्या कमरीसाठीच घेतली."

धम्मपालने मग समजावून सांगितलं. चाकाचा बाहेरचा घेर तेवढाच राहतो. आतली रिम मोठी घेतली की वरचं रबर पातळ होतं. खड्ड्याचा पहिला दणका रबर खातं, उरलेला स्प्रिंग खाते, आणि त्यातूनही उरला तर तो माणसाच्या पाठीत जातो. सोळा इंची रिम घ्या, तिला जाड टायर, स्प्रिंग कंपनीची आहे तीच ठेवा आणि दणका जिरवणारे शॉकअप जरा नरम टाका, बाबा झोपून जातील, असं तो म्हणाला.

रविकांतने सगळं ऐकून घेतलं. पण तो उभा होता भिंतीवरच्या एकोणीस इंची काळ्या रिमांसमोर. त्यांच्यावर टायर म्हणजे नुसती रबराची किनार. त्याने त्याच घेतल्या, आणि गाडी अजून खाली बसावी म्हणून आखूड, कडक स्प्रिंगाही टाकायला लावल्या. धम्मपालने एकदा नथ्थूकडे पाहिलं आणि बिल केलं. नथ्थूला वाटलं, पोराला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल.

परतीच्या वाटेवर त्याला कळलं. डांबरातली चीरसुद्धा मणक्यातून डोक्यापर्यंत जात होती. तो दोन्ही हातांनी सीट धरून अंग उचलून बसला होता. चहासाठी मेडशी गावात वळले, तिथल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खर्रकन घासलं तशी रविकांतने गाडी मागे घेतली.

"उतरा बाबा. तुमच्या वजनानं टेकून राह्यली."

नथ्थू उतरला. त्या गाडीतून उतरणं म्हणजे विहिरीतून वर येणं. दार धरून, गुडघ्यावर हात देऊन, कण्हत तो उभा राहिला. मग पोराला मदत म्हणून पुढे गेला, वाकून गाडीखाली पाहिलं आणि हाताने ये, ये करू लागला. गाडी तिरपी होऊन मुंगीच्या पावलाने ब्रेकर ओलांडून गेली, आणि नथ्थू कमरेवर हात ठेवून तिच्यामागे चालत आला. असं घरापर्यंत प्रत्येक ब्रेकरवर झालं.

समोरच्या काचेजवळ लावलेला रविकांतचा मोबाइल चालू होता. रात्री त्याने बाप उतरतानाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकला, खाली हसण्याचं संगीत जोडून. आठवडाभरात तो जिल्हाभर पोचला. बाजारात नथ्थू कोथिंबिरीच्या जुड्या मांडायला लागला की कुणीतरी ओरडायचं, "उतरा बाबा, ब्रेकर आला." गिऱ्हाईक हसायचं. नथ्थूही हसायचा.

पंचफुलाने तो व्हिडिओ शेजारणीच्या मोबाइलवर पाहिला. तिने रविकांतला भाकरी वाढली आणि तिथेच उभी राहिली.

"लोकं तुह्या बापाले हासून राह्यले."

"हासू दे ना आई. बाबा फेमस झाले."

आता तो दर दोन-चार दिवसांनी बापाला गाडीत बसवू लागला. मालेगावपासून पुढे अकोल्यापर्यंत हायवे आहे, त्यावर ब्रेकर नाहीत, म्हणून मेडशी आली की तो गाडी मुद्दाम गावात वळवायचा. एसटीने जा, असं पंचफुला नथ्थूला सांगून थकली. तो गाडीनेच जायचा. दुखायचं, पण त्या गाडीत पोरगा त्याच्याशी बोलायचा. कापणीच्या गोष्टी सांगायचा, बाबा पाणी पिता का विचारायचा. इतक्या वर्षांत तो असा शेजारी बसला नव्हता. मोबाइल चालू असला की तो जास्त बोलतो, हे नथ्थूच्या लक्षात आलं होतं. त्याने ते पंचफुलाला सांगितलं नाही.

अकोल्याच्या डॉक्टरांनी पाठीचा नवा फोटो काढला आणि रविकांतला आत बोलावून स्पष्ट सांगितलं, मणक्याची गादी सरकते आहे, आता धक्के चालणार नाहीत. त्या दिवशी पंचफुला मागाहून एसटीने आली होती. दवाखान्याच्या पायरीवर तिने पोराचा हात धरला आणि चाकं बदलल्याशिवाय सोडणार नाही म्हणाली. येणारेजाणारे पाहत होते. रविकांत धम्मपालकडे गेला आणि त्याने सोळा इंची रिमा, जाड टायर, जुन्या स्प्रिंगा, नरम शॉकअप, सगळं बसवून घेतलं.

त्या संध्याकाळी पातूर सुटल्यावर नथ्थू झोपला. तोंड उघडं, मान दाराकडे कललेली. रविकांत सवयीने मेडशीत वळला, तिथला ब्रेकर गाडीने म्हशीसारखा सावकाश ओलांडला आणि त्याला जागही आली नाही. घरी येऊन तो पंचफुलाला म्हणाला, "खाटीवर पडल्यावानी वाटे." मग बराच वेळ तो अंगणात, कशाला न धरता, उभा राहिला. त्यानंतरचे काही आठवडे त्याच्या कमरेला बरे गेले. एकदा तर तो वांग्याच्या वाफ्यात वाकलाही.

रविकांतने झोपलेल्या बापाचा व्हिडिओ टाकून पाहिला. कुणी पाहिला नाही. बुढा उतरत काहून नाही, असं लोक खाली विचारू लागले. कुणी लिहिलं, मेला का. तेवढ्यात धम्मपालचा फोन आला. त्या पहिल्या व्हिडिओनंतर मोठ्या रिमांचं गिऱ्हाईक वाढलं होतं. एकोणीस इंची परत चढवून देतो, गाडी अजून बोटभर खाली बसवतो, एक पैसा नको, फक्त दुकानाची पाटी दिसली पाहिजे, असं तो म्हणाला.

रविकांत लगेच अकोल्याला जाऊन आला. दुसऱ्या दिवशी गाडी दारात उभी राहिली तेव्हा नथ्थूने चाकांकडे पाहिलं. या साऱ्या प्रकरणात त्याने पोराला एकच प्रश्न विचारला.

"काहून बदलले?"

"लोकाईले तेच पाह्यचं हाये, बाबा. थोडे दिवस काढा."

पंचफुला शेतात होती. नथ्थू थोडा वेळ दार धरून उभा राहिला आणि मग आत बसला.

मेडशीला बाजार होता. गाडी ओळखीची झाली होती, माणसं ब्रेकरजवळ आधीच गोळा झाली आणि पाचपन्नास मोबाइल वर झाले. "उतरा बाबा" असं रविकांतच्या आधी त्यांनीच म्हटलं. नथ्थूने पाय बाहेर टाकला, अंग वळवलं, अर्धा उठला आणि तिथेच अडकला. कमरेत काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि तो ब्रेकरवर दोन्ही हातांवर आला. लोक जोरात हसले. त्यांना वाटलं, आज नवीन काही आहे. नथ्थूने तोंड वर केलं. तो काही बोलत होता, पण गलक्यात ऐकू येत नव्हतं.

"बाबा, अॅक्टिंग नका करू, जास्त होते," रविकांत आतूनच म्हणाला.

मिरच्या विकणारी चंदाबाई तेवढी पुढे आली. तिने पाहिलं की नथ्थूच्या धोतरातून लघवी वाहते आहे आणि त्याला त्याची खबर नाही. तिने आपलं पोतं त्याच्यावर टाकलं आणि दोघा हमालांना हाक मारली. त्यांनी त्याला मिरच्यांच्या पाटीशेजारी आडवं केलं. तेव्हा रविकांत उतरला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, हे खरं. अँब्युलन्स त्यानेच बोलावली. पण समोरच्या काचेचा मोबाइल चालूच राहिला होता, आणि इतरांचे तर होतेच. ते सगळं त्याच संध्याकाळी लोकांनी पाहिलं. आजवर त्याच्या कुठल्याही व्हिडिओला एवढे बघे मिळाले नव्हते.

ऑपरेशन झालं. त्याचा खर्च रविकांतने केला. नथ्थूच्या पायांत जीव आला नाही. त्याला घरी आणलं, ओसरीत खाट टाकली. रविकांत पहिले काही दिवस खाटेजवळ खाली मान घालून आला, नंतर कमी आला. व्हिडिओचे पैसे येतात, गाडी उभी ठेवून परवडत नाही, असं तो आईला म्हणाला. पंचफुलाने त्याचं ताट वाढणं बंद केलं.

मग एका सकाळी गल्लीतला देवला आला. नथ्थूच्याच वयाचा, बकऱ्या राखणारा, दोन्ही गुडघे सुजलेले. धुतलेला सदरा घालून आला होता. बराच वेळ तो पावसापाण्याचं बोलला. शेवटी म्हणाला की रविकांतने त्याला रोजाने बोलावलं आहे, आजपासून, मेडशीच्या बाजाराला. गाडीतून उतरताना गुडघ्यावर जोर येऊ नये म्हणून काय करायचं, ते विचारायला तो आला होता.

पंचफुला चुलीजवळून उठून आली. "देवलाभाऊ, तुमी जाऊ नका," ती म्हणाली. देवलाने तिच्याकडे पाहिलं नाही.

नथ्थू छताकडे पाहत पडून होता. गल्लीत गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला.

"पहिले डावा पाय बाहीर काढ," नथ्थू म्हणाला. "मंग सारं आंग संगच वळव, नुसती कंबर नाई. दार धरू नको, ते हालते. वरचं छत धर. आन खाली वाकून पाहू नको. पाह्यल्यावानी कर फक्त."

देवलाने मान हलवली. उंबऱ्यावर त्याने डावा पाय एकदा हवेत उचलून पाहिला, चौकटीला वर हात लावला आणि बाहेर पडला.

पंचफुलाने कढी उतरवली. नथ्थूला कुशीवर वळवायची वेळ झाली होती.