डोळ्यांची आखणी

दिवाळीच्या आधी आमच्या बचत गटाच्या बैठकीला बाहेरून एक बाई आल्या होत्या. रोह्यातल्याच एका हॉलमध्ये बैठक होती. बाईंची साडी चांगली, बोलणं त्याहून चांगलं. "किती दिवस दुसऱ्याच्या हाताखाली राबणार? तुमच्या प्रत्येकीत एक उद्योजिका लपलेली आहे, तिला बाहेर काढा," असं त्या म्हणाल्या. मी मनात म्हटलं, लपलीय ना, मग लपू दे की बिचारीला. कशाला तिच्या मागे लागताय?

मग त्यांनी ज्यांना स्वतःचा धंदा काढायचाय त्यांना हात वर करायला सांगितलं. सगळ्यांनी केले. जिला घरातून बाहेर पडायला सासूला विचारावं लागतं तिनेसुद्धा केला. शेजारचीने मला कोपर मारलं, "अगो कर ना वर, नायतर चहा नाय मिळणार." मी हात मांडीवरच ठेवला.

बाईंनी हेरलंच. "ताई, भीती वाटते का?"

"भीती कसली? आमचा कारखाना होता. गणपतीचा. चांगला चालला होता."

"अरे वा! मग बंद का केला?"

अख्खा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "ह्यांची तब्येत," आणि मान खाली घातली. ते खरं नव्हतं, म्हणून इथे लिहितेय.

माझं माहेर रोह्याचं, सासर पेणजवळ हमरापूरच्या बाजूचं. त्या गावात तुम्ही कुठल्याही घरात डोकवा, ओटीवर गणपती, पडवीत गणपती, न्हाणीच्या भिंतीला टेकून गणपती. नवी नवरी म्हणून गेले तेव्हा पदर सांभाळू की सोंड चुकवू असं झालं होतं. आमचे हे मिसरूड फुटायच्या आधीपासून गावातल्या एका मोठ्या कारखान्यात कामाला. काम एकच, डोळ्यांची आखणी. मूर्ती साच्यातून दुसरे काढणार, घासणार, रंग मारणार, सोनेरी लावणार. सगळं झालं की ती ह्यांच्यापुढे यायची. हे फळीवर बसून दम रोखायचे आणि बारीक ब्रशने डोळे आखायचे. मग उठून कारखान्याच्या दारात जायचे, एक पाऊल डावीकडे सरकायचे, एक उजवीकडे. गणपतीची नजर बरोबर आली तर एवढंच म्हणायचे, "बघतोय." दिवसभरात तोंडातून निघणारा शब्द बहुतेक तेवढाच. जेवायला बसले की भाजीत मीठ नाही हे सांगायचेसुद्धा कष्ट घ्यायचे नाहीत. मीच समजून घ्यायचं.

कारखान्याचा शेठ ह्यांना जावयासारखा ठेवायचा. चहा जागेवर. गिऱ्हाईक जवळ फिरकू द्यायचा नाही. मातीचं काय, माणसांचं काय, गाडीचं काय, सगळी डोकेफोड त्याची. आणि गावाला तेच बघवेना. लग्नात म्हणा, नाक्यावर म्हणा, भेटेल तो ह्यांना टोचायचा. "तुझ्या डोळ्यांवर शेठने माडी चढवली, आन् तू अजून रोजावर?" "तुझ्या हातात कला हाय, मालक हो मालक!" हे आधी हसायचे. मग हसायचे बंद झाले. न बोलणाऱ्या माणसाचं एक असतं, तो वादही घालत नाही. लोकांचं बोलणं आत जाऊन बसतं ते बसतंच.

तर आम्ही कारखाना काढला. अंगणात बांबू आणि निळी ताडपत्री. मी नवी साडी नेसले, खोटं कशाला बोलू, मलाही मालकीणबाई व्हायचं होतं. नारळ फोडायला शेठ स्वतः आला. मनात काही न ठेवता आला. ह्यांच्या हातात नव्या ब्रशची जुडी दिली आणि जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, ह्याला फोन घेऊ देऊ नका." मला वाटलं, जळतोय.

पण मालक झाल्यावर फोन दुसरा कोण घेणार? सकाळी डोळे उघडायच्या आधी फोन. माती आली नाही, रंगारी दुसऱ्या कारखान्यात पळाला, लाइट गेली म्हणून रंग फवारायचा कंप्रेसर बंद, हवा ओली म्हणून मूर्ती वाळत नाहीत. एखादं गिऱ्हाईक यायचं आणि तासभर उगाच बोलत बसायचं. ह्यांना बोलता येईना. गिऱ्हाईक दिसलं की हे मोठ्या मूर्तीच्या मागे जाऊन उभे राहायचे. एवढा मोठा माणूस, आणि गणपतीआड लपतोय! मला हसू यायचं आणि रडूही. शेवटी बोलायचं काम मी घेतलं. आखणीचं काम मात्र मला घेता येणार नव्हतं.

घोडं अडलं ते पाटांवर. आमच्याकडे गणपती नुसता विकत आणत नाहीत. श्रावणात घरचा पाट कारखान्यात नेऊन देतात आणि चतुर्थीच्या तोंडावर त्याच पाटावरून गणपती घरी नेतात. पाट ठेवून घेतला म्हणजे शब्द दिला. ह्यांच्या नावावर इतके पाट आले की भिंत दिसेना. मी म्हटलं, "आता नाही म्हणा हो." हे म्हणाले, "पाट परत कसा करायचा गो? रिकामा पाट घेऊन माणूस घरी जाईल?" बरं, मग आखणीला कुणी ठेवूया म्हटलं, तर तेही नाही. "लोकांनी पाट माझ्या हातासाठी दिला. दुसऱ्याचा हात लावला तर ती फसवणूक झाली." नाही म्हणायचं नाही, हातही दुसऱ्याचा नको, आणि ह्यांचा स्वतःचा हात सारखा फोनवर.

हरतालिकेच्या सकाळी आमच्या मांडवात गणपती रांगेने उभे होते. रंग झालेला, मुकुट झालेला, शेला झालेला. आणि डोळ्यांच्या जागी पांढरं. मी उपाशी, तोंडाला कोरड, आणि बाहेर लोक जमायला लागलेले, हातात मूर्तीचं तोंड झाकायचे रुमाल घेऊन. हे आखत होते. खांद्यावरून माणसं वाकून बघत होती. "आमचा आधी घ्या," "गाडी उभी हाय," "अहो भाऊ, आमचं पेणच्या पुढं जायचंय." दम रोखायला शांतता लागते हो, ती कुठून आणायची? आणि दारात जाऊन बघायला दार मोकळं कुठे होतं?

खाडीकडच्या गावातली एक म्हातारी होती. शेठच्या कारखान्यात असल्यापासून ह्यांच्याच हातचा गणपती नेणारी, आणि ह्यांच्यासाठी दरवर्षी पदराआड सुकी मच्छी आणणारी. तिचा गणपती आखून झाला. ती समोर उभी राहिली. थोडी बाजूला झाली. परत समोर आली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "गो, ह्यो माज्याकडं बघत नाय."

ह्यांनी ऐकलं. ब्रश तसाच हातात. म्हातारीला ते कळलं असावं. तिने रुमालाने गणपतीचं तोंड झाकलं, पाटाला नमस्कार केला आणि नातवाला उचलायला सांगितलं. घरचा गणपती सोडून जाणार कशी? सुकी मच्छी तेवढी विसरल्यासारखी माझ्याकडे देऊन गेली. त्या दिवशी मी ती शिंक्यावर टाकली आणि नंतर कुणीच खाल्ली नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे गणपती गेले. राहिला आमच्या घरचा. चतुर्थीला सकाळी ह्यांनी त्याला डोळे काढले ते मिटलेले. दोन वाकड्या रेघा, बस. आरतीला आलेले विचारायचे, "बाप्पा झोपले की काय?" हे म्हणायचे, "दमलाय." लोक हसायचे. मी आत जाऊन मोदकांच्या उकडीला नको इतकं मळत बसायचे.

लोकांना वाटतं आमचा पैसा बुडाला. नाही बुडाला. उलट दुसऱ्या वर्षी पाट वाढले. हे शहाणे झाले, आखणीला दोन माणसं ठेवली आणि स्वतः ब्रश धरला नाही. गिऱ्हाइकाला फरक कळला नाही. एकालाही नाही! मला वाटायचं, कुणीतरी ओरडावं, भांडावं, हे डोळे तुमच्या हातचे नाहीत म्हणावं. सगळे खूश होऊन गेले. ती म्हातारी तेवढी आली नाही.

त्याच्या पुढच्या श्रावणात पहिला पाट घेऊन एक ओळखीचा माणूस दारात आला. हे हात मागे बांधून उभे राहिले. "औंदा नाय," म्हणाले. तो माणूस रिकामा पाट घेऊन वळला आणि हे तो वळणाआड दिसेनासा होईस्तोवर बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ताडपत्री उतरवली.

शेठने निरोप पाठवला, बसायची जागा तशीच आहे. मी ढकलून पाठवलं. हे गेले, फळीवर बसले, ब्रश घेतला आणि दुपारी जेवायच्या वेळेला घरी आले. "हात थरथरतो?" मी विचारलं. "हात बरा हाय," म्हणाले. परत गेलेच नाहीत. मग आम्ही माझ्या माहेरी, रोह्याला बिऱ्हाड केलं. आता हे धाटावला एका कंपनीत पॅकिंगला आहेत. शिफ्ट असते, वर सुपरवायझर असतो, डबा मी देते. कुणी टोचत नाही. उद्योजक व्हा म्हणून तर कुणीच नाही.

हॉलमध्ये हे कसं सांगायचं? त्या बाईंचंही चुकीचं नसेल. धंदा करावा ज्याला जमतो त्याने, माझा भाऊ करतो, मजेत आहे. पण एखादा माणूस एकाच कामापुरता घडलेला असतो आणि त्यातच सुखी असतो. त्याला तुम्ही मालक करता म्हणजे त्याच्यापासून त्याचं काम काढून घेता, आणि वर पेढे मागता. राग येतो मला. अजून येतो.

इथे आम्ही गणपती बाजारातून आणतो. पाट मीच नेऊन देते. चतुर्थीला हे मुद्दाम सकाळची शिफ्ट मागून घेतात, गणपतीच्या तोंडावरचा रुमाल मी काढते तेव्हा घरी नसतात. यंदा कंपनीने सुट्टीच दिली. जाणार कुठे? दारात उभे होते. मी रुमाल काढला.

हे बघत राहिले. मग सवयीने एक पाऊल डावीकडे सरकले, एक उजवीकडे. मी श्वास धरून उभी. इतक्या वर्षांत ते पाऊल मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आलं, परत आलं.

"बघतोय ना?" मी विचारलं.

ह्यांनी पुन्हा एकदा डावीकडे होऊन पाहिलं.

"मला नाय गो कळत आता," म्हणाले, आणि समईत तेल घालायला खाली बसले.