नुसता तक्ता घोक, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. सांगायचं तरी काय — एका स्पॅनिश क्रियापदाची गोष्ट! हसाल तुम्ही. हसा.

ऑफिसातल्या आम्ही दोघी नारायण पेठेत स्पॅनिशच्या क्लासला जायचो. मी इथलीच, आपल्या बोलण्याचा माज असलेली. पल्लवी वर्ध्याची, धायरीत खोली घेऊन एकटी राहायची. तिला कायम रात्रपाळी, म्हणून पाच वर्षांची मुलगी तिकडे आजीकडे. ऑफिसात स्पेनच्या एका कंपनीचं काम येणार होतं; क्लासच्या तोंडी परीक्षेवरून त्यासाठी आमच्यातल्या एकीलाच घेणार होते. दिवसाची पाळी. ती मिळाली की पोरीला घेऊन येणार, असं पल्लवी रोज म्हणायची. म्हणजे मला माहीत होतं — सगळं माहीत होतं.

भूतकाळाचा तक्ता तिने पाढ्यांसारखा पाठ केला. ‘बोलणे’ — आब्ले, आब्लास्ते, आब्लो... मी बोलले, तू बोललास, तो बोलला... सहाही रूपं एका दमात. मग एकदा तिने विचारलं, “ताई, तोंडीला वाक्यं पण विचारतात का जी?”

विचारतात. मला आधीच्या बॅचमधल्या मैत्रिणीने सांगितलं होतं. मी घरी आरशासमोर वाक्यंच घोकत होते — काल काय केलं, काल कुणाला भेटले. आणि तिला काय म्हणाले? “छे गं, तक्ताच विचारतात. तो घोक, झालं.” इतकं सहज! जीभ कशी झडली नाही माझी?

तोंडी परीक्षा दोघींची एकत्रच झाली. बाईंनी तिला स्पॅनिशमध्ये विचारलं, काल तुम्ही कुणाशी बोललात? पल्लवीला ‘बोललात’ तेवढंच कळलं. चेहरा खुलला तिचा. अख्खा तक्ता म्हणून दाखवला तिने, शेवटपर्यंत. बाई हसल्या. आणि — मीही हसले.

आदल्याच संध्याकाळी क्लासच्या जिन्यात बसून ती अर्धा तास मुलीशी बोलली होती. माझ्या शेजारी. परीक्षेत एवढंच तर सांगायचं होतं तिला.

जागा मला मिळाली. गरज होती का मला? अजिबात नाही. मिरवायचं होतं, बस. ती मुलगी आता तिसरीत आहे, वर्ध्यालाच.

गेल्या दिवाळीला पल्लवी चिवड्याचा डबा घेऊन घरी आली. व्हिडिओ कॉलवर मुलीला म्हणाली, “ह्याच त्या ताई, आईला स्पॅनिश शिकवणाऱ्या. नमस्कार कर.”

पोरीने हात जोडले. मी म्हणाले, “सुखी राहा, बाळा.”